भाऊंचे रेडिओ आणि लेकीची खोली

या, असं जवळ सरकून बसा. अर्धं बूड खाटेवर आणि अर्धं दाराकडं, ही तुमची सवय मला मुळीच आवडत नाही. चहा उकळेस्तोवर तरी नीट बसा. आणि शिवणयंत्रावरच्या त्या खोक्याकडं बघून हसू नका. ते माझं नाही. ते आमच्या शेजारच्या भाऊंचं, आणि त्या माणसानं माझं डोकं जेवढं खाल्लं तेवढं माझ्या पोटच्या पोरांनीसुद्धा खाल्लं नाही.

रेडिओ लावला की भाऊ त्याच्या टपावर तळहात ठेवायचे, लेकराच्या कपाळावर ठेवतात तसा. आपण बोलायला तोंड उघडलं की दुसरा हात वर. "तापू द्या, अक्का. तापू द्या."

आता हे व्हॉल्वचे जुने रेडिओ. आत काचेच्या नळ्या असतात, त्या तापून लाल झाल्याबिगर आवाज फुटत नाही. ते ठीक आहे हो. पण या माणसाचं सगळ्यातच तसं. नळाला पाणी आलंय, त्यांची बायको सुमन घागर घेऊन हाका मारतेय, आणि हे आतून म्हणतायत, "येतो की, जरा तापू द्या." तोवर पाणी जायचं.

भाऊ एसटीत कंडक्टर होते. लोहाऱ्यातून सुटणाऱ्या गाड्यांवर त्यांची सगळी नोकरी गेली. त्यामुळं कुठल्या गावात कुणाच्या माळ्यावर रेडिओ धूळ खातोय, ही बातमी त्यांना पाठ. नोकरी संपल्यावर लोक भजनाला लागतात, शेताला लागतात. हे रेडिओला लागले. गावोगाव जायचे, घासाघीस करून एकेक उचलून आणायचे. एकदा मी गाडीत होते. पाहते तर खिडकीच्या जागेवर रेडिओ बसलेला आणि भाऊ शेजारी उभे. एक बाई म्हणाली, "ओ, ते खोकं उचला की, मला बसू द्या."

"त्याचं तिकीट काढलंय, बाई. फुल तिकीट."

ही माझ्या ओळखीची मंडळी नाहीत असं तोंड करून मी बाहेर बघत बसले. दुसरं काय करणार?

घर म्हणजे पुढची खोली, मागची खोली आणि स्वयंपाकाची जागा. मागची खोली रेडिओंनी गिळली. खाटेवर रेडिओ, खाटेखाली रेडिओ, रेडिओवर रेडिओ. अंगणात लिंबाच्या झाडापासून माझ्या भिंतीपर्यंत तांब्याच्या जाळीची पट्टी ताणलेली, आवाज पकडायला. सुमन तिच्यावर कपडे वाळत घालायची. मग भाऊ धावत बाहेर.

"अगं, एरियल हाय ती!"

"व्हय का? मग आज तुमचं बनियन सांगंल बातम्या."

नवा आणलेला रेडिओ एकदम विजेला जोडायचा नसतो म्हणे. मधे एक बल्ब जोडायचा. बल्ब भकभकून पेटला तर आत बिघाड, मंद पेटला तर सगळं ठीक. पण तो बल्ब कुठला? सुमनच्या स्वयंपाकाचा. ती बिचारी अंधारात भाकरी थापतेय आणि हे मागच्या खोलीत उजेड बघून खूश होतायत.

आणि एवढं करून लागायचं काय? दिवसा नुसती खरखर. दिवस कलला की कुठलं तरी लांबचं स्टेशन, कानडी नाही तर तेलुगू, कधी तर तेही कळायचं नाही.

"काय म्हणतोय हो तो?" मी विचारायची.

"काय ठावं. पण आवाज बघा की, कसा गोल हाय."

आता सांगा, या माणसाशी काय बोलावं?

हे असंच चाललं असतं. पण त्यांची एकुलती एक लेक स्वाती पुण्याला दिलेली, तिला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. बाळंतिणीला दार लावून निजता येईल अशी खोली पाहिजे, आणि तशी खोली त्या घरात एकच. सुमननं गोड बोलून सांगितलं, रागावून सांगितलं, माझ्या तोंडून सांगितलं. भाऊ म्हणायचे, "होईल मोकळी."

तशी खटपट केली त्यांनी, खोटं कशाला बोलू. गिऱ्हाईकं यायची. पण भाऊ त्यांची चौकशी अशी करायचे की जणू मुलगी दाखवायला काढलीय. उमरग्याकडचा एक हॉटेलवाला आला. भाऊंनी विचारलं, "लावणार का नुसता ठेवणार?" तो म्हणाला, "शोभेला ठेवू. वर एखादी कुंडी बी ठेवता येईल." भाऊंनी त्याला चहा पाजला आणि रिकाम्या हातानं वाटेला लावला.

एक दिवस विहीणबाईंचा फोन आला. मी तिथंच तांदूळ निवडत बसले होते. विहीणबाई म्हणाल्या, "स्वाती म्हणतीय तुमच्याकडं खोली मोकळी नाही. मग आम्ही इथंच उरकून घेऊ का?" बोलल्या चांगल्याच हो. पण "उरकून" हा शब्द सुमनला लागला. फोन ठेवला आणि ती मला म्हणाली, "अक्का, माझ्या लेकीला बापाच्या घरात खाट टाकायला जागा न्हाय, हे मी दुसऱ्याच्या तोंडानं ऐकायचं का?"

मग आम्ही तिघं तुळजापूरला गेलो. घटस्थापनेला अजून अवकाश होता, गर्दी व्हायच्या आत दर्शन घ्यावं म्हणून. पायऱ्या उतरताना सुमननं भाऊंना थांबवलं. "म्हणा, स्वातीचं बाळंतपण होईस्तोवर एक बी रेडिओ घरात आणणार न्हाय." भाऊंनी कळसाकडं बघून हात जोडले आणि तसं म्हणाले. मला वाटलं, सुटलो.

स्टँडवर आलो तर म्हणतात, "तामलवाडी इथंच हाय. तिथल्या एका आज्जीला शब्द दिलाय. नको म्हणून सांगून येतो, म्हातारी वाट बघत बसंल." नको म्हणायला जायचंय म्हटल्यावर कोण अडवणार? आम्हीही गेलो.

आता नवरात्राच्या आधी आपण दसरा काढतो, म्हणजे घरातलं झाडून सगळं धुवायला बाहेर काढतो. आज्जीच्या अंगणात कुंपणावर गोधड्या वाळत होत्या. खाटेवर हंडा, परात, तांबे उपडे घातलेले. आणि त्यांच्या मधोमध, तसाच उपडा, ठिबकत, रेडिओ.

आज्जी पदराला हात पुसत आली. "ये बाबा. परक्या घरी जायची वस्तू, धुळीसकट कशी द्यायची? काल दसरा काढला तवा ह्याला बी काढला. चांगला साबण लावून धुतला. आतल्या काचा बी घासल्या चिंचेनं."

मी आणि सुमननं भाऊंच्या तोंडाकडं बघितलं. मी एकदा त्यांच्या रेडिओवर नुसतं ओलं फडकं फिरवलं होतं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नव्हते. आता हा माणूस म्हातारीला काय काय बोलतो देव जाणे, असं झालं मला. भाऊ खाटेपाशी गेले. लाकडाचा पापुद्रा कडेनं सुटला होता, त्यावर त्यांनी अंगठा फिरवला. मग म्हणाले, "लई झाक केलंत, आज्जी." आणि रेडिओ उचलला.

परतीच्या गाडीत रेडिओ मांडीवर आणि पाण्याचा ओघळ चपलेपर्यंत. सुमन पुढं जाऊन बसली, मागं वळून बघेना. मी मात्र सोडलं नाही. "सकाळी देवीपुढं शब्द दिलात ना?"

"दिला की."

"मग?"

"नको म्हणायलाच गेलो होतो, अक्का. पण तिनं एवढा धुतला हो! आता नको म्हणलो असतो तर तिला वाटलं असतं, धुतला म्हणून नको म्हणतोय."

आणि खरं म्हणजे त्यासाठीच नको म्हणायला पाहिजे होतं! पण ते या माणसाला कोण समजावणार?

दुसऱ्या दिवशी सकाळी सुमन पिशवी भरायला लागली. "मी स्वातीकडं जाते. तिथं तिच्या उशाशी बसायला तरी जागा असंल." भाऊ दारात उभे राहून तिच्या घड्या बघत होते. मग तसेच चप्पल घालून निघून गेले. मला वाटलं, पळाले. थोड्या वेळानं दारात टेंपो उभा.

ज्या घरातून जो रेडिओ आणला होता, त्या घरी तो परत नेला हो त्यांनी! सगळे दुरुस्त केलेले, वाजते. कुठला कुणाचा, सगळं तोंडपाठ. म्हणायचे, "चालू करून आणलाय. तुमचाच हाय, सांभाळा." काही घरं नको म्हणायची. तेरखेड्यात फटाके करणारा एकजण म्हणाला, "आमच्या गावाला आवाजाची काय कमी हाय का?" भाऊ भांडायचे नाहीत. पिन जोडायचे, टपावर हात ठेवून उभे राहायचे. आवाज फुटला की आतल्या खोलीतून घरातलं एखादं जुनं माणूस भिंतीला धरत बाहेर यायचं, "ह्यो आपला का रं?" मग पुढं कुणी नको म्हणायचं नाही. हे मला टेंपोवाल्यानं सांगितलं.

उरला फक्त तामलवाडीचा. "बंद पडलेला कसा देऊ आज्जीला?" म्हणून तो माझ्या शिवणयंत्रावर आला, चार दिवसांसाठी. ते चार दिवस अजून संपायचेत. तेव्हापासून मी खाली बसून हातशिलाई करते.

स्वाती आली. मागच्या खोलीत खाट पडली, शेगडी आली, ओव्याचा वास घरभर झाला. नात झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप पुण्याला गेली आणि खोली पुन्हा रिकामी. मी म्हटलं, आता हा माणूस सुटणार. महिने गेले, भाऊ एकही रेडिओ आणीनात. नुसते अंगणात बसायचे. ते बघून मलाच चीड आली. म्हटलं, "आता आणा की एखादा. खोली मोकळीच पडलीय."

"नको, अक्का," ते म्हणाले. "खोली हाय का, असं पोरीला परत कवा विचारावं लागू नये."

आता नातीला सांभाळायला दोघंही पुण्याला गेलीत. स्वातीची नोकरी आहे, त्यांना तिथंच राहावं लागणार. फोन येतो. माझ्या गुडघ्यांचं विचारायच्या आधी विचारतात, "खोलीत पाणी-बिणी गळत न्हाय ना?" किल्ली माझ्याकडं आहे. मी जाते, खिडकी उघडते, झाडून घेते. भिंतीला टेकून रेडिओ होते तिथं रंग अजून ताजा दिसतो, चौकोन चौकोन. मधे खाट, तिच्यावर धुतलेली चादर.

घ्या, चहा घ्या. आणि पुढच्या खेपेला गाडीची वेळ सांगत येऊ नका. पिशवीत दोन कपडे टाकून, राहायच्या तयारीनं, लवकर या. भाऊंना विचारून ठेवते मी. खोली आहे.