चौथा रेकॉर्डर

"म्हणजे हाही परत?" नवऱ्याने विचारलं. "चौथा आहे हा. आता तो दुकानदार आपल्याला लांबून बघूनच शटर ओढून घेईल."

"ओढू दे. खरखर करणारं यंत्र मी घरात ठेवणार नाही," बटणताई म्हणाली.

"पण आत्ताच म्हणालीस की याच्यात खरखर नाही."

"नाहीये. तिसऱ्यातही नव्हती, दुसऱ्यातही नव्हती. एकाची किंमत दुसऱ्याच्या दुप्पट आणि ऐकायला सगळे सारखे? कुठेतरी पाणी मुरतंय."

"पाणी तुझ्या डोक्यात मुरतंय. एकीकडे म्हणतेस पक्षी गेला, दुसरीकडे त्याच्यासाठी यंत्र निवडतेस."

सासूबाईंनी कानातलं यंत्र काढलं, डबीत ठेवलं आणि शांतपणे शेंगा सोलायला घेतल्या. घरात वाजायला लागलं की त्यांचं हे ठरलेलं होतं.

बटणताई हे नाव तिला दवाखान्यात मिळालं. तळमजल्यावर कान तपासायची खोली होती आणि तिथे ती गेली सव्वीस वर्षं काम करत होती. खोलीत गादीने मढवलेलं, कपाटाएवढं बूथ, त्याला हातभर काच. पेशंट आत, ही बाहेर मशीनपाशी. "आवाज कितीही बारीक आला तरी बटण दाबायचं," हे वाक्य दिवसातून चाळीसदा. काचेतून चेहरा बघूनच तिला कळायचं, कोणाला खरंच ऐकू येतंय आणि कोण नुसतं मान हलवतंय. म्हाताऱ्यांच्या कागदावरची रेघ उजवीकडे घसरत गेलेली असायची. "वरचे सूर आधी जातात, आजोबा. पाखरांचे वगैरे. मनाला लावून घ्यायचं नाही," असं ती बाकावर जरा सरकून बसायला सांगावं इतक्या सहज सांगायची.

त्या खोलीचा एक नियम होता. रोज सकाळी पहिला पेशंट घ्यायच्या आधी तपासणाऱ्याने हेडफोन स्वतःच्या कानाला लावायचा आणि खालपासून वरपर्यंत सगळे सूर ऐकून मशीन ठीक असल्याची सही करायची. दोन वर्षांपूर्वी सगळ्यात वरचा, आठ हजार हर्ट्झचा सूर तिला अंधुक यायला लागला. तिने तक्रार लिहिली. हेडफोन दुरुस्तीला गेला आणि 'दोष आढळला नाही' अशी चिठ्ठी घेऊन परत आला. तिने पुन्हा पाठवला. शेवटी भांडून नवा मागवला, तर तोही तसाच. "हल्ली वस्तूंत जीवच नसतो," ती घरी येऊन म्हणाली. शाळेतली मुलं मात्र त्या सुराला पटापट बटण दाबायची. अंदाजाने दाबतात, असं ठरवून तिने कितीतरी मुलांच्या कागदावर त्या रकान्यात 'विश्वसनीय नाही' असं लिहिलं.

घरामागे जुन्या वीटभट्टीचे खड्डे होते. त्यांत पाणी साठून लव्हाळी माजली होती आणि लव्हाळ्यात अंगठ्याएवढा एक पक्षी होता. वीस वर्षांत तिला तो जेमतेम तीनदा दिसला असेल, पण ऐकू यायचा रोज. सकाळी मागच्या खिडकीपाशी पाणी भरताना सुईतून दोरा ओढल्यासारखी त्याची लांब, बारीक शीळ यायची. तीन वर्षांपूर्वी पलीकडच्या टोकाला राडारोडा टाकायला ट्रक येऊ लागले, तेव्हा तिने ठरवलं, हा आवाज धरून ठेवायचा.

"फोनवर कर ना," मुलगी म्हणाली होती.

"फोनवर पक्षी यायचा नाही. भजी तळल्याचा आवाज येईल. जन्मभर कानांचं काम केलंय मी, असलं काहीतरी नाही ठेवणार."

मग निवड सुरू झाली. रेकॉर्डर मुठीत मावावा, साध्या सेलवर चालावा, चाचपून बटणं कळावीत आणि शांततेत त्याची स्वतःची खरखर येऊ नये. यासाठी एक वही केली. एक अख्खं वर्ष तर नवीन मॉडेल येणार म्हणून थांबण्यात गेलं. दुकानदाराच्या आईचे कान तिनेच तपासलेले, म्हणून तो भिडेखातर यंत्रं दोन-दोन दिवस घरी द्यायचा. तोवर राडारोडा निम्म्या खड्ड्यांपर्यंत आला. यंदा तर पक्षीही गप्प झाला. उडून गेला बिचारा, असं तिने घरात सांगून टाकलं होतं. तरी एखादा मागे राहिला असेल, या आशेवर ती अजून वही उघडत होती.

"आई, जरा इकडे ये," मुलीने मागच्या दारातून हाक मारली. परत द्यायच्या आधी एकदा बघू म्हणून तिने चौथा रेकॉर्डर बाहेर नेला होता. तिने स्वतःच्या कानांवरचा हेडफोन काढून आईच्या कानांवर चढवला आणि यंत्र लव्हाळ्याकडे धरलं.

बटणताईला लांबचा ट्रक ऐकू आला. पानं ऐकू आली, मुलीची बाही यंत्राला घासली तीही.

"बोलतोय बघ," मुलगी म्हणाली. उघड्या कानांनीच ऐकत होती ती. "हा आता. आता परत."

प्रत्येक 'आता'ला यंत्राच्या छोट्या पडद्यावरची पट्टी उडी मारत होती. बटणताईने पट्टीकडे पाहिलं, मग मुलीच्या चेहऱ्याकडे. काचेपलीकडचा तो चेहरा तिच्या ओळखीचा होता. ऐकू येणाऱ्याचा.

"आला ना?"

बटणताईने मान हलवली. खोटी हललेली मान ती लांबून ओळखायची. ही तिची स्वतःची होती.

"आणि खरखर केवढी आहे याची," मुलगी म्हणाली. "दुसऱ्यात अजिबात नव्हती. मी म्हणाले होते तुला, तेव्हा तू म्हणालीस, माझ्या कानांना शिकवू नकोस."

तिने हेडफोन काढून मुलीला दिला आणि पायरीवर बसली. हेडफोन चांगला होता, आधीचाही चांगला होता. मुलांनी बटणं बरोबर दाबली होती. तीन वर्षांपूर्वी फोनवर, नाहीतर हाताला येईल त्या डबड्यावर आवाज घेतला असता, तर तिला तेव्हा तो निदान परत परत ऐकता आला असता. ती तीन वर्षं तिने वहीत घातली.

"लाल बटण दाबलंयस?" तिने विचारलं.

"नाही, नुसतं ऐकत होते."

"दाब."

मुलीने दाबलं. पक्षी बोलत होता की नाही, ते पडद्याकडे बघून बटणताईला कळत होतं. पट्टी थांबेपर्यंत ती बघत राहिली.

नवरा पिशवी घेऊन दारात आला. "चल, देऊन येऊ. की आता पाचवा?" मग त्याने तिच्याकडे पाहिलं आणि पिशवी खाली ठेवली.

सासूबाईंनी डबी उघडून यंत्र कानात घातलं. "संपलं का तुमचं? काय ठरलं?"

"हा ठेवायचा," बटणताई म्हणाली, त्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "खरखरीसकट. रोज सकाळी ही रेकॉर्ड करेल, मी यंत्र धरून बसेन. आणि सोमवारी मी बूथमध्ये आत बसणार आहे. मशीन दुसरं कोणीतरी चालवेल."