बापाच्या कामाचा रकाना

माझ्या बापाला बेरोजगार ठरवलं ते एका रकान्यानं. तो रकाना मला कित्येक वर्षांनी भिंतीवर सापडला.

मेहरूणमधल्या आमच्या ऑफिसात शिरपूरकडच्या एका कॉलेजचं प्रवेशाचं सॉफ्टवेअर नव्यानं करायला आलं. मी त्याच कॉलेजात शिकले. घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. जुन्या डेटाबेसचा आराखडा स्क्रीनवर उघडला, तर चौकटी मुंगीएवढ्या. मोठं करावं तर कोणती रेघ कुठे जाते ते कळेना. म्हणून बारा कागदांवर छापला, कडा कापून सेलोटेपनं जोडला आणि भिंतीला लावला.

'पालक' या चौकटीतून एक रेघ 'व्यवसाय' या चौकटीत जात होती. तिथे नोकरी, व्यापार, शेती असं करत शेवटी बेरोजगार. शेती लिहायची तर सातबारा हवा; तो आमच्या नावावर नाही. रकाना रिकामा ठेवायची सोयच नाही. प्रवेशाच्या वेळी खिडकीतल्या बाईंनी विचारलं होतं, "वडील काय करतात?" मी सांगत होते तोवर त्यांनी बटण दाबलंसुद्धा. पावतीवर छापून आलं: बेरोजगार. ती पावती मी घरी कुणाला दाखवली नाही. उजाडायच्या आत रानात जाणारा माणूस, आणि बेरोजगार!

ऑफिसातल्या आमच्या सरांना म्हटलं, यादीत एक नोंद वाढवू.

"'इतर' टाका ना मॅडम. कोण बघतंय?"

"मी बघतेय, सर."

नेमका शब्द कोणता घालावा म्हणून आबांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. ते हसायलाच लागले. "कोनतं लिखशी बेटा? पावसायामा वावर, हिवायामा कापूस येचानी मजुरी, चैतमा मोहू. मी बठ्ठंच करस."

शेत, मजुरी, मोहाची फुलं वेचणं, आबा सगळंच करत. म्हणजे यादी कितीही वाढवली तरी उपयोग नव्हता. चूक त्या रेघेत होती. एका पालकाला एकच व्यवसाय, असं ती सांगत होती. मी लाल पेनानं तिच्या टोकाला तीन फाटे काढले, म्हणजे एका पालकाला अनेक व्यवसाय.

"अहो, एका माणसाला एकच धंदा असतो," सर म्हणाले.

"तुमच्याकडे असेल. आमच्याकडे एका धंद्यावर वर्ष निघत नाही."

सरांनी भिंतीवरचे कागद मोजले. "पुन्हा बारा कागद छापावे लागतील."

"छापते."

छापले. मंजूर झाले. आता फॉर्मवर तिन्ही कामं लिहिता येतात.

माझी जुनी नोंद मात्र तशीच आहे. दुरुस्ती हवी तर वडिलांच्या कामाचा दाखला आणा, असं कॉलेजवाले म्हणतात. मोह वेचणाऱ्याला दाखला कोण देतं, ते मी लेखी विचारलंय. उत्तर अजून आलेलं नाही.