साळवे मॅडमची साक्ष

साळवे मॅडम वर्गाचं दार लाथेने उघडायच्या. डाव्या हातात थर्मास आणि पुस्तकं असत, आणि उजवा हात छातीच्या वर जातच नसे. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी दार आपटलं की मी अजून सरळ बसते. नोएडातल्या आमच्या खाजगी कॉलेजात त्या ऑर्गनायझेशनल लीडरशिप शिकवत. या विषयाची पदवी घेऊन माणूस नेमका कोण होतो, हे दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या आमच्या सरकारी क्वार्टरमध्ये बाबांना शेवटपर्यंत उमगलं नाही. "म्हणजे पुढारी होणार का तू?" एवढंच ते विचारत.

हाताची गोष्ट मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगून टाकली. फरिदाबादच्या एका कारखान्यात त्या पर्सोनेल ऑफिसर होत्या. टाळेबंदीच्या दिवशी फाटकावर दंगा झाला, मॅनेजर मागच्या भिंतीवरून पळाले आणि लोखंडी सळई बसली मॅडमच्या खांद्यावर. "मारणाऱ्याचा नाही राग आला मला," त्या म्हणाल्या, "तो निदान समोर उभा होता."

नगरकडच्या ख्रिस्ती शाळामास्तरांची ही मुलगी. आवाज फाटका, बोलणं तिखट. कुणी व्याख्या घडाघडा म्हणून दाखवली की डाव्या हाताने खडू फेकून मारायच्या. "अच्छा, पाठ आहे! आता समजलं तेवढंच बोल." मला त्यांची धास्ती वाटे, पण तास चुकवावासा कधी वाटला नाही.

समीर त्यांचा लाडका. आमच्याच कॉलनीतला, माझ्याबरोबर वाढलेला. तो बोलायला लागला की वर्ग गप्प होई. मॅडम म्हणत, "या पोराच्या मागे माणसं जातील. तो कुठे नेतो, तेवढं बघायचं."

तिसऱ्या वर्षी बातमी फुटली की आमच्या पदवीला मान्यताच नाही. समीर जिन्यावर चढून बोलला, आणि बघता बघता कॉलेज फुटायला लागलं. काचा, कॉम्प्युटर, कुंड्या, काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही. डायरेक्टर केव्हाच गाडीत बसून पसार झाले होते. हाती लागले ते ॲडमिशनच्या खिडकीवर बसणारे म्हातारे त्यागीजी. पोरांनी कॉलर धरून त्यांना व्हरांड्यात फरफटत आणलं आणि मोडलेल्या खुर्च्यांच्या पायांनी झोडपायला सुरुवात केली. त्यांच्या गुडघ्याचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. "मार डालो साले को!" असं ओरडणारे माझे रोज एकत्र डबा खाणारे मित्र होते.

मॅडम त्या घोळक्यात घुसल्या आणि सरळ त्यागीजींच्या अंगावर आडव्या पडल्या. "हटो! मर जाएगा वो!" तरी दांडे थांबेनात. त्यातलाच एक त्यांच्या चेहऱ्यावर बसला. कुणाचा, ते मला गर्दीत दिसलं नाही. फरशीवर रक्त पसरलं तेव्हा कुठे पोरं मागे सरली, आणि मग सगळीच पळाली. मी आणि चौकीदाराने दोघांना रिक्षात घालून हॉस्पिटलात नेलं.

त्यागीजी वाचले. मॅडमचा डोळा गेला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या खाटेजवळ बसले होते, तेव्हा समीरची आई त्याला घेऊन आली. त्याचा चेहरा बघताच मला कळलं, तो दांडा कुणाचा होता. बाहेर पॅसेजमध्ये सब-इन्स्पेक्टर जबानीसाठी थांबले होते. काकूंनी मॅडमचे पाय धरले. "ताई, आयुष्य बरबाद होईल हो याचं. दिल्लीत आपण मूठभर मराठी माणसं. आपल्याच मुलाचं नाव नका घेऊ."

"वहिनी, उठा आधी," मॅडम म्हणाल्या. "डोळा माझा आहे, तो मी सोडून देईन. त्यागीजींचा पाय माझा नाही. तो कसा सोडू?"

समीर रडत पुटपुटला, "मॅडम, मी एकटा नव्हतो."

"माहीत आहे मला. एकटा असतास तर तू हातच उगारला नसतास."

मग त्यांनी सब-इन्स्पेक्टरना आत बोलावलं आणि समीरचं नाव सांगितलं, आडनावासकट. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. सब-इन्स्पेक्टरनी लिहून घेतलं, टोपी उचलली आणि ते निघाले, तेव्हा मॅडमनी त्यांना थांबवलं.

"यह भी लिखिए," त्या म्हणाल्या, "कि इसे मैंने पढ़ाया है."