आमच्या बगीच्याची गोष्ट

आमच्या खासदारांच्या अमरावतीच्या बंगल्यावर सकाळी चपला काढायला जागा नसायची. कोणाच्या शेतातला ट्रान्सफॉर्मर जळालेला, कोणाची शेताकडे जाणारी पांदण चिखलात गेलेली, कोणाची पोरगी सासरहून परत पाठवलेली. साहेब व्हरांड्यात वेताच्या खुर्चीवर बसून एकेकाचं ऐकत. कितीदा तरी निवडून आलेला माणूस, पण समोर कोणी आलं की आधी त्याचं गाव ओळखायचे आणि मग त्या गावाची जमीन कशी आहे ते त्यालाच सांगायचे. बडनेऱ्याहून दिल्लीची गाडी पकडायची असली तरी शेवटच्या माणसाला "पाहतो" म्हटल्याशिवाय उठायचे नाहीत. माझ्या सासऱ्यांच्या छातीत कळ आली तेव्हा त्यांच्या एका फोनवर नागपूरच्या दवाखान्यात खाट मिळाली होती. आमच्या घरात देवाच्या फोटोंच्या ओळीतच त्यांचं कॅलेंडर लटकत असे. हे मी आधीच सांगते, कारण पुढचं ऐकून कोणी म्हणेल की बाईचा पहिल्यापासूनच त्यांच्यावर राग होता. तसा तो नव्हता.

चांदूर बाजारपासून थोडं आत आमचं गाव. काळीभोर जमीन आणि घरामागे संत्र्याचा बगीचा. मी लग्न होऊन आले तेव्हा बहर आला की घरात बोलताना सुद्धा त्याचा वास यायचा. मग ती वाईट वर्षं आली. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतंच, पण बगीचा होता म्हणून आम्ही उभे होतो. विहीर आटली. बोअर मारला तर त्यातून धूळ उडाली. बैलगाडीवर ड्रम ठेवून यांनी लांबून पाणी आणलं, तेही झाडांना पुरेना. पानं वळली, बोराएवढी फळं खाली गळून पडली. शेवटी एक दिवस यांनी आणि सासऱ्यांनी ठरवलं की झाडं तोडायची.

झाडं कापणारे आरेवाले यायच्या आधी सकाळी सासू उठली. हळदीकुंकवाचा करंडा आणि प्यायच्या पाण्याची कळशी घेऊन बगीच्यात गेली. मी मागे गेले. ती प्रत्येक झाडापाशी थांबायची, खोडाला हळदकुंकू लावायची आणि बुंध्याशी ओंजळभर पाणी घालायची. सासरे बांधावरून म्हणाले, "अवं, आता पाणी देऊन काय होते?"

ती म्हणाली, "मरत्याच्या तोंडात पाणी घालत नाही का आपण?"

त्यानंतर काही महिन्यांनी साहेब गावात आले. समाजमंदिरात सभा होती, सोबत अधिकारी होते. एक अधिकारी समजावून सांगत होता की पाण्याचं नियोजन शेतकऱ्यांनीच चुकवलं. बायकांच्या बाजूने मी उठले आणि सासूनं काय केलं ते सांगितलं. आधी कधी चार माणसांत बोलले नव्हते. कशी बोलले ते आठवत नाही, एवढंच आठवतं की साहेबांनी चष्मा काढला. जाताना ते सासऱ्यांना म्हणाले, "या पोरीच्या तोंडात सरस्वती आहे. प्रचाराले हिले माया संग पाठवा."

सासरे तयार झाले, हेही. सासूनं मात्र अट घातली. "सांगाचं तं सांग. पण जे झालं तेवढंच सांग. वाढवून सांगू नको."

मी कधीही वाढवून सांगितलं नाही. निवडणुका येत गेल्या, मी बोलत गेले. तिवसा, दर्यापूर, अकोल्याकडची गावं, कुठे कुठे नेलं त्यांनी मला. माझ्यासोबत बहुतेक वेळा एक आपा असायच्या. चांदूर बाजारात त्यांचं बांगड्यांचं दुकान, मोहल्ल्यातल्या सगळ्या बायका त्यांच्या शब्दावर मत देणाऱ्या. जीपमध्ये आम्ही एकाच डब्यातलं खायचो. आमच्या वऱ्हाडीला पुण्याकडचे लोक रांगडी म्हणतात, पण स्टेजवर मी "मायबाप हो, तुमाले सांगतो" म्हटलं की बाया पदर सावरून पुढे सरकायच्या. साहेब शेवटी बोलायचे. ते म्हणायचे, "या पोरीनंतर मले बोलाले काही उरतच नाही."

एकदा तिवशाहून परत येताना रस्त्यावर चहाला थांबलो. हेही त्या दिवशी सोबत होते. साहेबांनी यांच्या खांद्यावर हात ठेवला. "जिल्हा परिषदेचं आपलं सर्कल बायांसाठी सुटलं ना, की तिकीट हिलेच. शब्द देऊन राहिलो."

मी मागितलं नव्हतं. पण एकदा ऐकल्यावर ते मनातून जाईना. भाकरी थापताना मी ठरवायची की निवडून आले तर आधी पोरींच्या शाळेत संडास, मग पांदण. सासू शेजारणीला सांगायची, "आमची सून मेंबर होणार हाय."

आणि सर्कल खरंच महिलांसाठी राखीव सुटलं. गावात पेढे वाटले गेले. दोन दिवसांनी बंगल्यावरून बोलावणं आलं. मी लग्नातलं पातळ नेसून यांच्यासोबत गेले.

या वेळी आम्हाला आत दिवाणखान्यात बसवलं. साहेबांच्या शेजारी त्यांची सून होती. पुण्यात वाढलेली, गोड चेहऱ्याची, लग्नाला फार दिवस न झालेली. साहेब म्हणाले, "पोरी, वरून आदेश आला. सूनबाईले उभं करा लागते. माया हातात काही राहिलं नाही."

हे माझ्याकडे पाहत होते. मी म्हणाले, "ठीक आहे, साहेब."

"तू नाराज नको होऊ. उलट तुयाशिवाय हिचं कसं होईन? हिले आपल्या बाया ओळखत नाहीत, हिची भाषाही वेगळी. तू हिच्या संग फिर. हिले आपल्यासारखं बोलाले शिकव."

मी हो म्हणाले. का म्हणाले ते मला तेव्हा अगदी स्पष्ट होतं. साहेबांनी सांगितलं होतं की त्यांच्या हातात काही नव्हतं, आणि साहेबांवर विश्वास ठेवायची आम्हाला सवय होती.

मग रोज मी बंगल्यावर जायची. 'मला' नाही, 'मले' म्हणा. 'का' नाही, 'काहून'. ती हसायची, चुकायची, पुन्हा म्हणायची. मला ताई म्हणायची, स्वतः चहा करून आणायची. पोरगी वाईट नव्हती, मला ती आवडायला लागली होती. एका दुपारी आम्ही दोघी वाटाणे सोलत बसलो होतो. ती म्हणाली, "ताई, बगीच्याचं परत सांगा ना. स्टेजवर नाही, मला एकटीला."

त्या दुपारी मी तिला ते सांगितलं जे कुठल्याच सभेत सांगितलं नव्हतं. बगीच्याच्या टोकाला एक झाड होतं. माझी एक नणंद लहानपणीच तापानं गेली, ती जन्मली त्या वर्षी सासूनं ते लावलं होतं. त्या झाडापाशी सासूनं हळदकुंकू लावलं नाही. कळशीतलं उरलेलं सगळं पाणी तिथे ओतलं, खोडाला कपाळ टेकवलं आणि पोरीला झोपवताना म्हणतात तसं काहीतरी हलक्या आवाजात म्हणाली. सूनबाईचे डोळे भरून आले. तिनं माझा हात धरला.

प्रचार सुरू व्हायच्या तोंडावर अकोल्यात बायांचा मोठा मेळावा होता. मोठमोठे पुढारी येणार होते, गावोगावच्या बाया गाड्या भरभरून आणलेल्या. मला वाटलं होतं मी बोलेन. पण यादीत नाव नव्हतं म्हणून मी आपांच्या शेजारी खाली खुर्चीवर बसले. स्टेजवर साहेब, त्यांच्या बाजूला डोक्यावरून पदर घेतलेल्या त्यांच्या पत्नी.

सूनबाई उभी राहिली. "मायबाप हो, तुमाले सांगतो," ती म्हणाली. छान म्हणाली, मीच शिकवलेलं. मला बरं वाटलं. मग म्हणाली, "आमचा संत्र्याचा बगीचा वाळला तवा माया सासूनं काय केलं, ते सांगतो."

आधी मला वाटलं की तिची जीभ चुकली. पण ती पुढे बोलत गेली. करंडा, कळशी, बांधावरचे सासरे, मरत्याच्या तोंडातलं पाणी. आपांनी माझा दंड पकडला. "अरे, ये तो तेरी सास का किस्सा है! ये क्या बोल रही है?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी मला गर्दीत शोधलेलंच होतं, कारण आमची नजर लगेच मिळाली. ते उठून दोन शब्द बोलले असते, किंवा नंतर हसत हसत म्हणाले असते की ही आमच्या त्या पोरीच्या घरची गोष्ट बरं का, तरी चाललं असतं. त्यांनी नजर खाली केली आणि खांद्यावरचा शेला नीट केला.

तेवढ्यात सूनबाई शेवटच्या झाडाशी आली. गेलेली पोरगी, टेकवलेलं कपाळ, सगळं तिनं सांगितलं. स्टेजवर साहेबांच्या पत्नीनं पदराचं टोक डोळ्यांना लावलं. कधी शेतात पाऊल न टाकलेली ती बाई आमच्या मेलेल्या पोरीसाठी रडत होती, आणि समोरच्या हजारो बाया तिच्याकडे पाहून रडत होत्या. पहिली टाळी साहेबांनी वाजवली.

मी उठले. बाहेर आल्यावर आपा भांडायला परत आत निघाल्या होत्या. "मैं अभी माइक पे जाके बोलती हूँ, तू देख." मी त्यांना अडवलं. आम्ही मेळाव्याच्या गाडीत बसलो नाही. पॅसेंजरने बडनेऱ्यापर्यंत आलो, तिथून पुढे एसटीनं. वाटेत आपा एवढंच म्हणाल्या, "वरून आदेश बिदेश काही नव्हता. त्यांच्या पीएची बायको माझी गिऱ्हाईक आहे. साहेबांनी एकच नाव पाठवलं होतं, सुनेचं." हे त्यांना आधीच कळलं होतं, मला दुखवायचं नव्हतं म्हणून बोलल्या नव्हत्या.

घरी आल्यावर मी सासूला सगळं सांगितलं. ती तूर निवडत होती. ऐकून झाल्यावर तिनं विचारलं, "माया पोरीचं झाडही सांगतलं?"

"हो."

सूप तसंच ठेवून ती आत गेली. कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलली.

साहेब घरी आले, ते मतदानाच्या आठवड्यात. बाहेर गाड्या, दारात माणसं. सासूनं रीतीप्रमाणे पाण्याचा गडवा आणि गूळ पुढे ठेवला. ते खाटेवर बसून म्हणाले, "माय, तुमी वाईट वाटून घेऊ नका. गोष्ट एकदा स्टेजवर गेली का ती एकाची राहत नाही. लोकायची होते."

सासू म्हणाली, "मंग मेलेली पोरगीही लोकायची का, भाऊ?"

ते पाणी प्यायले. मला म्हणाले, "निवडणूक होऊ दे. तुले कमिटीवर घेतो."

"साहेब, तिकिटाचं मी काही म्हणलं का तुमाले?" मी म्हणाले. "वरून आदेश आला म्हणून सांगतलं, ते खोटं होतं तरी मी पचवलं असतं. पण तुमी टाळी काहून वाजवली? तुमाले तं माईत होतं."

त्यांनी गडवा खाली ठेवला. मला वाटलं आता काही बोलतील. ज्या माणसानं माझ्या सासऱ्याचा जीव वाचवला तो माणूस मला त्या क्षणी परत मिळाला असता, एवढी मी त्याच्या एका शब्दाची वाट पाहत होते. बाहेरून कोणीतरी हाक मारली की पुढच्या गावाला उशीर होतो आहे. साहेब उठले. चपला पायात सारताना म्हणाले, "पाहतो."

सूनबाई भरघोस मतांनी निवडून आली. विरोधी पक्षाची जीपही आमच्या दारात येऊन गेली होती, त्यांच्या स्टेजवर येऊन हेच सगळं सांगा म्हणून. मी गेले नाही. माझ्या सासूची गोष्ट एका बाजूनं वापरून झाली होती, दुसऱ्या बाजूच्या हातात ती द्यायची माझी इच्छा नव्हती. त्यानंतर मी माइक धरला नाही. सासू हळूहळू पूर्वीसारखी बोलू लागली, पण बगीच्याचा विषय आमच्या घरात निघेनासा झाला.

माझी मुलगी त्या वेळी अगदी लहान होती. झाडं तर तिच्या जन्माआधीच गेलेली. पुढे ती अमरावतीला कॉलेजात जायला लागली. एकदा तिथे कुठल्याशा कार्यक्रमाला साहेबांची सून पाहुणी म्हणून आली होती. तोवर ती मोठी पुढारी झाली होती. घरी आल्यावर मुलगी दप्तर न ठेवताच सांगायला लागली. खासदारांच्या घरचा बगीचा, त्या बाईंच्या सासूनं झाडाच्या बुंध्याशी घातलेलं पाणी, सगळ्या मुली कशा रडल्या, सगळं. मी कणीक मळत होते. माझे हात थांबले.

मग ती सासूकडे वळली. "आजी, आपलाही संत्र्याचा बगीचा होता म्हणतात ना? तूही असं काही केलं होतं का?"

सासू भिंतीला टेकून बसली होती. तिनं माझ्याकडे पाहिलं, मग नातीकडे.

"नाही वं," ती म्हणाली. "ते त्यायच्या घरचं आहे."

मी मध्ये बोलायला तोंड उघडलं. सासूनं मान हलवून मला नको म्हटलं. मुलगी हातपाय धुवायला गेली, आणि मी कणकेवर पाण्याचा हात फिरवून पुन्हा मळायला लागले.