लाइट गेली की मॅच बरोबरीत

सायबर कॅफेवाल्या पोट्ट्यांनो, आज दुपारची फायनल पाहिली का कोणी?

खेळ आपलाच, कॅफेत कॉम्प्युटरवर खेळायचो तोच. पाच विरुद्ध पाच, आपला किल्ला वाचवायचा आणि समोरच्यांचा पाडायचा. मी आणि बबलू त्याच्या राइस मिलच्या ऑफिसात लॅपटॉपवर पाहत होतो. निळ्या टीमचे सगळे बुरूज पडले, नुसता किल्ला उरला. तरी गडी हटेनात.

तेवढ्यात बबलू ओरडला, "टिकून राहा बे! लाइट जाऊन राहिली आता!"

आम्ही दोघंही पोट धरून हसलो. लोडशेडिंगच्या काळात आपल्या कॅफेचा नियमच होता ना, लाइट गेली की मॅच बरोबरीत. हरणारी टीम जिंकायला खेळायचीच नाही, किल्ला धरून लाइट जायची वाट पाहायची. बबलू त्यात उस्ताद.

आज लाइट गेली नाही. निळ्यांनी शेवटी उलटा हल्ला केला, समोरच्यांचा किल्ला एका फटक्यावर आणला, आणि तिथेच सगळे मेले. संपली मॅच, निळे हरले.

बबलूनं लॅपटॉप बंद केला. मग म्हणाला, "आपली लास्ट मॅच कोण जिंकलं होतं बे?"

कोणीच नाही. लाइट गेली, उद्या खेळू म्हणून उठलो, आणि मग कोणी नागपूरला गेलं, कोणी पुण्याला. कॅफेच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे.

म्हणजे ती मॅच अजून बरोबरीतच आहे. दिवाळीत कोण कोण येऊन राहिलं, सांगा. बबलू म्हणतो मिलच्या ऑफिसातच खेळू, जनरेटर लावू.

मी म्हटलं, काऊन? लाइट गेली तर जाऊ दे ना बे.