उद्याची भाकर

निझामाच्या राजवटीत जालन्यात आमच्या शेजारी कापसाच्या जिनिंग कारखान्यातले एक मिस्त्री राहत. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. एकटेच. कामाला निघण्याआधी रोज डोक्यावर टोपी घालून ते रोजीरोटीसाठी आपल्या धर्मग्रंथातला एकच उतारा हिब्रूत म्हणत. मधल्या भिंतीतून आम्हाला तो ऐकू येई. अर्थ विचारला तेव्हा म्हणाले, "आमचे पूर्वज रानात उपाशी होते. देवानं आभाळातून अन्न पाडलं, पण त्या दिवसापुरतंच. उद्यासाठी लपवून ठेवलं त्यात किडे पडले. फक्त शुक्रवारी दुप्पट, शनिवारच्या विसाव्यासाठी."

म्हणून शुक्रवार सोडला तर हा गृहस्थ रात्री घरात भाकर उरू देत नसे. उरलीच तर आमच्याकडे आणून देई. मला तो निव्वळ हट्ट वाटायचा.

मालकानं शनिवारीही यंत्र चालवा म्हटलं. यांनी बिलकुल ऐकलं नाही, आणि एका सोमवारी काम गेलं. त्या संध्याकाळीही ते भाकर घेऊन दारात उभे.

बायको म्हणाली, "भाऊ, आज तरी ठेवा की. उद्या काय खाताल?"

"उद्याची उद्या मागेन, वहिनी." भाकर तिच्या हातात देऊन ते घरी गेले.

सकाळी भिंतीपलीकडे तोच उतारा सुरू झाला. आवाज जरा बसलेला होता. बायको पीठ मळत होती. ती ऐकत थांबली, मग डब्यात हात घालून तिनं परातीत आणखी दोन मुठी पीठ घेतलं.