लाल दोऱ्याचा गहू

लोक उन्हाळ्यात काश्मीरला जातात. मी मार्चच्या शेवटी घोडेगावहून पिंपळवंडीला गेलो, तेही गव्हाला ऊन कसं लागतं ते बघायला. माझी भाची सुषमा गव्हावर संशोधन करते आणि "मामा, एकदा या तरी" म्हणून दोन वर्षं मागे लागली होती. मंचरला बस बदलली, तिथेच छत्री विसरलो आणि ऐन उन्हात घामाघूम होऊन पोचलो.

शेत पारूबाईंचं. त्यांनी एक कोपरा सुषमाला दिलाय. तिथे प्लॅस्टिकचा तंबू आणि तंबूत गहू. दाणा भरताना ऊन तापलं की तो सुरकुततो. म्हणून ही मुद्दाम उशिरा पेरते, वरून प्लॅस्टिक घालून आणखी तापवते आणि एवढ्या छळातून कोण टिकतं ते बघते. मी आत डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं.

"लोकं पिकाला सावली करत्यात, ही पोर ताप देती," पारूबाई मला म्हणाल्या. "पर गुणाची हाय."

सुषमाने हळूच सांगितलं, सहा वर्षांच्या खटपटीनंतर यंदा एकाच झाडाचे दाणे टच्च भरलेत. बुडाशी लाल दोरा बांधून ते तिने बियाण्यासाठी राखलं होतं. जेवणानंतर दाखवते म्हणाली आणि मला बाहेरच्या वाफ्यात टेप धरायला लावलं.

तासाभराने पारूबाईंनी हाक मारली. गोवऱ्यांवर ओंब्या (गव्हाची हिरवी कणसं) भाजून, तळहातावर चोळून, फुंकून त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या. सोबत गूळ. इतका गोड, टपोरा दाणा मी जन्मात खाल्ला नव्हता. सुषमा उन्हाने हैराण होऊन नुसतं ताक पीत होती, म्हणून तिचाही वाटा मीच संपवला.

मग आम्ही तंबूत गेलो. लाल दोरा जागेवर होता. वर नुसत्या काड्या.

सुषमा मटकन खाली बसली. माझ्या तोंडात अजून गूळ होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आगं, सगळ्या तंबूत त्योच येवढा भरल्याला व्हता," पारूबाई म्हणाल्या. "पावण्याला काय सुरकुतल्यालं द्यायचं? दोरा काय मला दिसला न्हाई."

"सगळ्या भाजल्या, काकू?"

"पयली देवाला ठिवली की."

सुषमा घरात धावली. देव्हाऱ्यात हळदकुंकू लावलेली एक कच्ची ओंबी होती. तिने नखाने दाणा दाबून पाहिला. चीक घट्ट झाला होता, सावकाश वाळवली तर उगवेल म्हणाली. पण देवाची वस्तू परत कशी मागायची? आम्ही दोघं हात जोडून पारूबाईंकडे बघत राहिलो.

त्या तंबूत गेल्या, एक सुकलेली, बारीक ओंबी खुडून आणली, देवापुढे ठेवली आणि भरलेली सुषमाच्या हातात दिली.

"देवाला बारीक चालतंय," त्या म्हणाल्या. "पावण्याला न्हाई चालत."

परतीच्या बसमध्ये सुषमाने ती ओंबी डब्यात घालून मंचरपर्यंत मांडीवर धरली. मी खिडकीतून बाहेर बघत होतो, कारण तिच्याकडे बघवत नव्हतं. ज्या झाडाला पिंपळवंडीचं ऊन हरवू शकलं नाही, ते मी गुळाबरोबर फस्त केलं होतं. आणि चव अजून जिभेवर होती, हेही कबूल करतो.

मंचर आल्यावर तिने वही उघडली. लाल दोऱ्याच्या झाडापुढे लिहिलं, उन्हाने झालेलं नुकसान: नाही. इतर कारणं: मामा.